बेडूक सुखरूप आहेत

दादा,

तू गाढ झोपलायस म्हणून उठवत नाही, मी ऑफिसला निघाले. तुझ्या बेडकांच्या रेकॉर्डिंगच्या चारही डिस्क धडधाकट आहेत. दोन एकदम बंद पडल्या म्हणून आपण आशा सोडली होती, पण दोष पॉवर सप्लायचा निघाला. त्याला चौघींचा भार पेलत नव्हता. मी नवा बसवला, डिस्कची मोट पुन्हा बांधली आणि तुझे सगळे बेडूक जागच्या जागी सापडले.

आता सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी होतंय. ते संपेपर्यंत त्या खोलीत इस्त्री लावू नकोस, आणि आईला तिथं झाडायला जाऊ देऊ नकोस.

संशोधन सोडतोय असं सरांना अजून कळवलं नसशील, तर आज तरी कळवू नकोस.

नीट चालतंय का बघायला मी एक फाइल लावली. तळ्याकाठी बेडूक ओरडतायत आणि मध्येच तू खो खो हसतोयस. तुझं हसणं ऐकून आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. "उठला का तो?" म्हणाली. हे जुनं रेकॉर्डिंग आहे, असं मी सांगितलं. तर ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "परत लाव."

— छोटी