पूजेत ठेवलेला पट्टा

मी, नथ्थूजी वल्द पुंजाजी राऊत, जात माळी, धंदा बागवानी, उमर पासष्ट किंवा बासष्ट (आई मोठ्या दुष्काळाच्या आधीचा म्हणायची, बाप नंतरचा), राहणार मौजे आसेगाव, तालुका मंगरूळ, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. पाय सुजले आहेत, दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी वांग्याचा भाव करून पाहावा. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाकदपटशा केलेला नाही. धाक दाखवील असा माझ्या पोटी कोणी निपजलाच नाही, हेच तर रडगाणे आहे.

वकिलाकडून लिहून घ्या, असे धाकट्याचे म्हणणे पडले. मी चौथीपर्यंत शिकलो आहे. माझ्या घरातली माणसे कशी आहेत हे सांगायला मला वकील लागत नाही.

कलम पहिले. गावठाणातील दोन खणांचे घर, मागच्या परसासह, माझी बायको सीताबाई हिचे तिच्या हयातीपर्यंत राहील. ही बाई चाळीस वर्षे "मी म्हटलं होतं" एवढेच बोलत आली, आणि बहुतेक वेळा तिचे खरे निघाले, ही फार त्रासाची गोष्ट आहे. त्या घरात हे वाक्य म्हणण्याचा तिचा हक्क अबाधित राहील. कोणी हरकत घेऊ नये.

कलम दुसरे. धाकटा मुलगा उत्तमराव कारंज्यास एका जिनिंग प्रेसात नोकरीस आहे. त्याला नोकरी लागली तेव्हा मी गावात पेढे वाटले आणि ज्यांना दिले त्यांना कशाचे ते दोनदा सांगितले. आज विचार करतो तर त्या पेढ्यांची लाज वाटते. हा माणूस दुसऱ्याच्या कापसाच्या गाठी मोजतो आणि चालतो असा की जणू वऱ्हाडातली सारी सरकी यानेच पेरली. घरी आला की खाटेवर आधी रुमाल अंथरतो, मग बसतो. लहानपणी याच खाटेवर तो सहा वर्षांचा होईपर्यंत मुतत होता. सबब, ती खाट उत्तमरावास द्यावी. रुमाल त्याच्याजवळ आहेच.

कलम तिसरे. मुलगी गोमतीबाई, दिली किन्हीराजास. जावई अंथरुणाला खिळला तेव्हा मला वाटले, आता ही पोरे घेऊन माझ्या दारात येते. आली नाही. डोक्यावर भाजीची टोपली वाहून बाजारात बसली. एकदा माझ्यासमोरच दुकान मांडले आणि सगळा माल विकून माझ्यापेक्षा आधी उठून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, तुमचा अच्छेर हलका हाय. गिऱ्हाइकाले समजते." बापाला भरबाजारात असे बोलणारी पोर. तिला माझा तराजू द्यावा, वजने द्यावीत, व तो अर्ध्या शेराचा दगड विहिरीत टाकावा. मापात पाप तिला चालत नाही म्हणे. एवढी मोठी शहाणी.

शेजारी उदयसिंग दर वर्षी नांगरताना माझा बांध चार बोटे खातो. त्याच्या नावाने वेगळे कलम लिहावे एवढी त्याची लायकी नाही. कांद्याचे रोप मागायला आला तर द्यावे, पण बांधावर उभे करून द्यावे, म्हणजे बांध कुठे आहे ते त्याला दिसेल.

कलम चौथे, आणि हे लिहायला तीन दिवस लागले. नाल्याकाठची तीन एकर बागाईत जमीन, विहीर, मोट, बैलजोडी व सर्व अवजारे थोरला मुलगा रंगराव यास द्यावीत. गावात सगळे म्हणतील, त्या बिनपट्ट्याला का दिली? हे नाव त्याला मीच पाडले. त्याची हकीकत अशी.

रंगराव तालुक्याच्या कचेरीत चपराशी लागला. आमच्या सात पिढ्यांत सरकारच्या सावलीला कोणी उभे राहिले नव्हते. तांबडा पट्टा आणि त्यावर पितळेचा बिल्ला घालून तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा मी त्याला विनाकारण बाजारातून दोनदा नेऊन आणला. पानवाल्यापाशी उभा केला, मारुतीपाशी उभा केला. पोरगं लाजत होते, मी मात्र फुगलो होतो.

सन १९२८ साली खंडेनवमीला तो दोन दिवसांच्या रजेवर घरी होता. आमच्याकडे त्या दिवशी कुदळ, फावडे, विळा, खुरपे, मोटेचा नाडा, सगळे धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडू वाहतात. पूजलेले अवजार दसऱ्याचे सोने वाटेपर्यंत कोणी हलवत नाही. मी त्या वर्षी अवजारे बाजूला सारली आणि मधोमध रंगरावाचा पट्टा मांडला. ज्या कुदळीने विहीर खणली ती कोपऱ्यात भिंतीला टेकवली. रंगराव म्हणाला की तो सरकारी आहे, पूजेत नको. मी त्याला गप्प केले आणि गल्लीतल्या सगळ्यांना पूजा पाहायला बोलावले.

दुपारी देवला कोतवाल धावत आला. दौऱ्यावरच्या साहेबांचा मुक्काम अचानक जवळच्या अमराईत पडला होता, आणि रजेवरच्या चपराशांनीही पट्ट्यासह ताबडतोब हजर व्हावे असा हुकूम होता. रंगरावाने माझ्याकडे पाहिले.

"बाबा, पट्टा द्या. मले जा लागते."

"पूजलेलं उचलत नसतात," मी म्हणालो. "सायबाले सांग, माह्या बापानं पूजा मांडली."

सीताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "उचला ते. देवाले राग येत नाही, सायबाले येते. पोराची नौकरी जाईन."

मी तिलाही बोललो, सगळ्या गल्लीसमोर. पट्टा तिथेच होता, हाताच्या अंतरावर. रंगराव चोवीस वर्षांचा गडी, त्याला तो उचलता आला असता. त्याने उचलला नाही. पट्ट्याविना, रिकाम्या खांद्याने देवलासोबत गेला.

तिथे काय झाले ते देवलाने मला सांगितले. साहेबाने चाळीस माणसांत विचारले, पट्टा कुठे आहे? खरे सांगितले असते तर साहेब कदाचित हसला असता, त्याने सोडूनही दिले असते. पण त्यात बाप अडाणी ठरला असता. रंगराव म्हणाला, "इसरलो, साहेब." सरकारी निशाणीची बेपर्वाई केली म्हणून त्याला तिथल्या तिथे काढले. दसऱ्यानंतर देवला येऊन पट्टा घेऊन गेला. पितळेवर माझ्या हाताचे कुंकू तसेच होते.

त्यानंतर मी काय केले? मी गावात सांगितले की पोरगं आळशी, पट्टा कुठे तरी विसरले, सरकारच्या लायकीचे नव्हते. पेढे वाटणारे तोंड दुसरे काय बोलणार? लोक हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. हे बारा वर्षे चालले. सोयरिकीच्या बैठकीत, पंगतीत, बाजारात, रंगराव समोर असताना. त्याने एकदाही तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवसापासून मोट हाकायला लागला, तो आजतागायत हाकतो आहे. आज मंगरूळच्या बाजारात त्याची वांगी कोणाची म्हणून न विचारता आधी उचलली जातात. मला त्याचा अभिमान वाटतो. त्या पट्ट्याचा वाटला त्यापेक्षा जास्त वाटतो, आणि हे त्याला तोंडाने सांगण्याची हिंमत माझ्यासारख्या बढाईखोरात नाही. दुनियेतल्या सगळ्यांना मी नावे ठेवली. माझ्याइतका हलका माणूस मात्र मला दुसरा भेटला नाही.

कलम पाचवे. माझ्या तेराव्याच्या दिवशी, पंगत बसण्याआधी, मारुतीच्या पारावर हे मृत्युपत्र सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचावे. चौथे कलम दोनदा वाचावे. पेढ्यांच्या वेळी मीही दोनदाच सांगितले होते.

वरील मजकूर पुरा झाल्यावर मी रंगरावाला बोलावून वाचून दाखवला. तो नाडा वळत बसला होता, वळतच राहिला. मग म्हणाला, "चवथं अन् पाचवं खोडून टाका, बाबा. लोक तुमाले हासतीन, अन् मले ते आयकावं लागन."

बारा वर्षे लोक त्याला हसले ते मी मजेत ऐकले, आणि मी मेल्यावर मला कोणी हसू नये म्हणून याचा जीव तुटतो. अशा माणसाला मी नालायक म्हणत आलो.

सबब, एकही अक्षर खोडलेले नाही. वाचताना ज्याला हसू येईल त्याने खुशाल हसावे. रंगरावाने मात्र उठून जाऊ नये, पारावर सगळ्यांच्या पुढे बसून शेवटपर्यंत ऐकावे, ही माझी त्याला शेवटची आज्ञा आहे. माझी आज्ञा तो मोडत नाही. एकदा मोडली असती तर आज चपराशांचा जमादार असता.

मुक्काम आसेगाव, दिनांक ९ माहे मार्च सन १९४०.

सही: नथ्थूजी वल्द पुंजाजी राऊत, दस्तुरखुद्द.

साक्षीदार:

१) कस्तुरचंद वल्द दुलीचंद, दुकानदार, मंगरूळ. लिहून देणाराने माझ्यासमक्ष सही केली व माझ्या दुकानातल्या गुळालाही नावे ठेवली, यावरून तो शुद्धीवर असल्याबद्दल माझी खात्री आहे. सही.

२) देवला, कोतवाल, आसेगाव. निशाणी अंगठा डावा. त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहिले आहे: "म्या डोयानं पाह्यलं. पोरानं बापाचं नाव घेतलं नाही."