फक्त नंबर लावायचे राहिलेत

४ मार्च, सकाळी ९.१०
थीसिस संपला. सात वर्षं लागली, पण संपला. ३१ तारखेला पाचच्या आत विद्यापीठात जमा करायचा, नाहीतर नोंदणी रद्द आणि सगळं मुसळ केरात. पण घाबरायचं कारण नाही. फक्त प्रमेयांचे नंबर लावायचे राहिलेत. तासाभराचं काम.

बायकोलाही तसंच सांगितलं. तिला बढतीवर दुसऱ्या गावी जायची ऑर्डर आलीय. माझ्या थीसिसपायी आधी दोनदा नाही म्हणून झालंय तिचं. या खेपेला ३१ लाच उत्तर द्यायचंय. डिग्रीचं मार्गी लागलं की दोघांनी मिळून जायचं, असं ठरलंय.

४ मार्च, दुपारी ४
डिपार्टमेंटात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ठोकळ्याचा थीसिस पाहिला. (ठोकळा हे नाव मी ठेवलंय. शोभतं.) सॉफ्टवेअरने दिले तसेच नंबर ठेवलेत लेकाने. प्रमेय ३.१, उपप्रमेय ३.१, व्याख्या ३.१. तीन वेगळ्या गोष्टी आणि नंबर एकच! वाचणाऱ्याने शोधायचं कुठे? माझ्याकडे सगळ्यांचा मिळून एकच काउंटर, म्हणजे एकच सलग क्रम असणार. गाढवाला गुळाची चव काय म्हणा.

६ मार्च
एक तास जरा लांबला. प्रकरणांना रोमन आकडे दिले, मग काढले. आता सॉफ्टवेअरमध्ये नंबर लावणारं तिसरं पॅकेज घातलंय, तर परिशिष्टात ‘प्रमेय ०.०’ छापून येतंय. पॅकेज लिहिणाऱ्याला अक्कल नाही.

गाइड भेटले. म्हणाले, चौथं प्रकरण पुन्हा एकदा नीट वाच, तिथली सिद्धता मला पटत नाहीये. अहो, प्रकरण मी लिहिलंय, मलाच वाचायला सांगता? सरांच्या पिढीला मांडणीचं महत्त्व कळतच नाही. हो म्हटलं आणि बाहेर आलो.

१० मार्च
सासरे आलेत. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले त्यांनी. तासभर माझ्या मागे बसून बघत होते. मग विचारलं, आकडे हातानेच का टाकत नाही? मी समजावलं की हल्ली प्रत्येक प्रमेयाला एक लेबल द्यायचं असतं, मग जिथे जिथे त्याचा उल्लेख येईल तिथे नंबर आपोआप बरोबर पडतो. हाताने टाकणं हे अडाण्यांचं काम.

सासऱ्यांना यातलं काय कळणार. चौथ्या प्रकरणात मी हातानेच टाकलेत, ते वेगळं. तेव्हा वेळ नव्हता.

१५ मार्च
ठोकळ्याने थीसिस जमा केला. सगळ्यांना चहा पाजत फिरत होता. मी त्याला ३.१ चा घोळ पुन्हा दाखवला. तो म्हणाला, परीक्षक नंबर नाही, गणित वाचतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! बघू परीक्षक काय म्हणतात ते.

१९ मार्च
चौथ्या प्रकरणात लेबलं घातली. हातच्या आकड्यांपैकी निम्मे चुकीचे निघाले, कारण मधे पाच वेळा क्रम बदलला होता. आता सगळं आपोआप.

मात्र सॉफ्टवेअरमध्ये एक दोष सापडला. माझं मुख्य प्रमेय ४.३. त्याच्या सिद्धतेत येतंय, ‘४.८ वरून’. आणि ४.८ च्या सिद्धतेत येतंय, ‘४.३ वरून’. असं कसं असेल? सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन मंडळावर तक्रार लिहिली.

२० मार्च
मंडळावर कुणा दीडशहाण्याचं उत्तर आलं. नंबर बरोबर आहेत, सिद्धता वाचा. न मागितलेले सल्ले द्यायला लोकांना वेळ कुठून मिळतो?

२३ मार्च
सगळं काढून नव्याने टाकलं. तेच. रोमन आकडे देऊन पाहिले. तेच. शेवटी नाक मुठीत धरून ठोकळ्याची फाइल मागितली आणि त्याच्या पद्धतीने नंबर लावले. प्रमेय ४.१ उपप्रमेय ४.५ वर उभं, आणि उपप्रमेय ४.५ प्रमेय ४.१ वर. आकडे बदलतात, पण फेरा सुटत नाही.

सासरे परत जाताना बायकोला काहीतरी अंगण वाकडं असल्याचं सांगत होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

२६ मार्च
सरांकडे जावं लागलं. त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले आणि एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असे बाण काढले. मग शांतपणे म्हणाले, “४.३ न वापरता ४.८ सिद्ध कर. मग नंबर काहीही दे.”

मी म्हटलं, दोन दिवसांत करतो.

२८ मार्च
झालं नाही. पण उपाय सापडला. फाइलमध्ये ४.३ च्या वरच्या ओळीत ‘प्रमेय’च्या जागी ‘अंदाज’ लिहायचं. सिद्धता लागतच नाही! काउंटर तोच, मांडणी तीच. हे आधी का सुचलं नाही?

२९ मार्च
४.३ अंदाज झाला. मग त्याच्यावर उभं असलेलं सगळं अंदाज. अख्खं चौथं प्रकरण, पाचवं, सहावं. उरलं एकच प्रमेय, दुसऱ्या प्रकरणातलं. ते सरांचं आहे, वीस वर्षांपूर्वीचं.

३१ मार्च, दुपारी ४.५०
दोनशे चौदा पानं छापली. एकही नंबर चुकलेला नाही. तीनदा तपासलं. गठ्ठा टेबलावर आहे. विद्यापीठाचं ऑफिस पाच मिनिटांवर.

बायकोचा फोन आला. दिलास का, विचारलं. मी म्हटलं, नंबर अगदी बरोबर लागलेत. ती म्हणाली, “मी होकार कळवलाय. एकटीपुरती खोली बघते.”

बरं म्हटलं.

३१ मार्च, ५.२०
गठ्ठा टेबलावरच आहे. ४.८ च्या सिद्धतेत ४.३ चा आकडा हाताने टाकला, ते तिसरं वर्ष होतं. त्या दिवशीही मला खटकलं होतं. लेबल घातलं असतं तर लगेच दिसलं असतं, म्हणून घातलं नाही. वेळ होता.