हातावरची पिवळी पट्टी

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, वाचून हुरळून जाऊ नकोस. आपली दारं समोरासमोर असताना पत्र लिहिते आहे, कारण मी तोंड उघडलं की तू दरडावतोस आणि अख्खी गल्ली तुझ्यापुढे माना डोलावते.

पोलीस चौकीला कुलूप लागलं, दुकानं लुटली जायला लागली, तेव्हा तूच पुढे झालास. बाबांची शिकारीची बंदूक माळ्यावरून काढलीस. मला अभिमान वाटला होता तुझा, खोटं कशाला बोलू? आपला माणूस लांबून ओळखू यावा म्हणून शिवणाच्या खोलीतले पिवळे पडदे फाडून मी प्रत्येकाला दंडावर बांधायला पट्टी शिवून दिली. पट्टी नसेल त्याला आधी हाक मारायची, मगच बंदूक उचलायची, हा नियमही तुझाच. नियम सांगण्यात तू पहिल्यापासून पटाईत.

गल्लीच्या फाटकाची बिजागरी निखळली होती. त्या दुपारी वीज आली म्हणून हे घाईघाईने वेल्डिंगला बसले, फाटकाच्या बाहेर, कारण बिजागरी त्याच अंगाला आहे. ठिणगी पडली की कापड पेटतं, म्हणून कामाला बसताना हे अंगावर सैल चिंधीसुद्धा ठेवत नसत. पट्टी सोडून गजांमधून माझ्या हातात दिली आणि तोंडावर मुखवटा ओढला. गच्चीवर पहारा देताना तुला काय दिसलं ते मला कळतं. तोंड झाकलेला, पट्टी नसलेला माणूस फाटकाशी जाळ करतोय. पण गोळी झाडण्याआधी हाक का नाही मारलीस? मी आतल्या बाजूला तिथेच उभी होते, ती पट्टी मुठीत धरून. तू नुसतं ‘कोण रे’ म्हणाला असतास, तरी मी ओरडून सांगितलं असतं.

पुढे तर तू कमालच केलीस. गोळी पलीकडच्या गल्लीतून आली म्हणून सगळ्यांना सांगितलंस, सासूबाईंच्या गळ्यात पडून रडलास. पोटचा मुलगा गेलेली ती म्हातारी पलीकडच्यांना तळतळाट देते आणि तू शेजारी बसून ऐकतोस. मी काही बोलायला गेले, तर धक्क्याने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणालास. लाज कोळून प्यायलास की काय? तुझा मला संताप येतो, दादा, आणि तो ओसरेल असं वाटत नाही.

काल वहिनी येऊन रडली. उद्या सकाळी बदला घ्यायला तू सगळ्यांना घेऊन पलीकडची घरं पेटवायला निघणार आहेस म्हणे. त्यात त्या कंपाउंडरचंही घर जाईल. ह्यांची जखम बांधायला पांढरं फडकं हलवत धावत आला होता तो, आणि आपल्या माणसांनी त्याला फाटकावरूनच दगड मारून हाकललं.

म्हणून हे लिहिते आहे. सासूबाईंना मी आज सगळं खरं सांगितलं. त्या उठल्या आणि त्यांनी दंडावरची पट्टी सोडली. उद्या तुम्ही निघाल तेव्हा फाटकाबाहेर वाट अडवून आम्ही दोघी उभ्या असू. पट्टी दोघींच्याही हातावर नसेल. या वेळी तरी आधी हाक मार.

तुझीच,
धाकटी