इंग्रज मास्तर आणि मालगुजार

बाबा, तुमचे मास्तर गेले. आपल्या शाळेतले कोणी नव्हेत, ते कॅसेटमधले, इंग्रज. उंच, जरासे वाकलेले, ओठ मिटून हसणारे. गेल्या आठवड्यात सकाळी शाळेत जायच्या घाईत फोन उघडला तर त्यांचा फोटो आणि बातमी. वय पुष्कळ झालं होतं, झोपेतच गेले म्हणे. मी गॅसवरची पोळी तशीच सोडून खाली बसले. आई म्हणाली, "काय झालं माय, कोन गेलं?" मी म्हणाले, "बाबांचे मास्तर." तिला लगेच कळलं. "अरे बाप्पा, चांगला होता बिचारा," असं म्हणून तिनं करपलेली पोळी उतरवली. आमच्या सावली गावच्या घरात त्या दिवशी एका इंग्रजाचं सुतक होतं आणि ते शेजारीपाजारी सांगायची सोय नव्हती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या मुलांना आजोबा म्हणजे भिंतीवरचा फोटो तेवढा माहीत आहे. तरी ही बातमी तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगू?

तुमचं वर्ष दोन तुकड्यांत वाटलेलं असायचं. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकात मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, आणि बाकीचं वर्ष चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या गेस्ट हाउसात स्वैपाकी. रात्री ज्यानं मंडपभर दरारा बसवायचा, त्यानंच पुढे साहेबांना विचारायचं, भाजीत तिखट कमी घालू का. तिथे कधीकाळी यंत्रं बसवायला आलेले परदेशी साहेब राहून गेले होते आणि जाताना व्हिडिओ कॅसेटचं एक कपाटच मागे ठेवून गेले होते. सगळे इंग्लंडचे सिनेमे. त्यांत ना गाणी ना मारामारी, म्हणून दुसरं कोणी हात लावायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्याकडे यायची. दुपारी साहेब लोक खाणीवर गेलेले, खिडकीला खसाची ताटी, तिच्यावर पाणी मारलेलं. तुम्ही जेवणाची भांडी आवरता, हात पुसता आणि कॅसेट लावता. सोफा रिकामा असतो, पण तुम्ही फरशीवरच बसता. तुमच्या हाताला कांद्याचा वास येतो. पडद्यावर पाऊस पडून राहिलेला असतो आणि कोणीतरी कोणालातरी चहा विचारत असतं.

इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं आणि मला शाळेपुरतं येत होतं. मी मोठ्या हौशीनं अर्थ सांगायला गेले की तुम्ही हात वर करायचात. "शब्द राहू दे बाई. मले त्याचं तोंड पाहू दे." नावं वाचता येत नव्हती म्हणून तुम्ही त्या नटांना आपली नावं दिली. हे मास्तर, कारण ते धानोऱ्याच्या एका रिटायर गुरुजींसारखे दिसायचे. हनुवटी वर करून बोलणारी ती म्हातारी आत्याबाई. एका कॅसेटमध्ये मास्तर मोठे जमीनदार असायचे, दुसऱ्या कॅसेटमध्ये दारुडे कोळी, तिसऱ्यात कोणाच्या तरी दारात छत्री धरून उभे. तुम्हाला याचा फार आनंद व्हायचा. "पाह्य, हे बी आपल्यासारखे नाटक कंपनीवालेच हायेत. आज राजा, उद्या शिपाई. आन मागच्या लाइनीपर्यंत पोचाची सवय हाय त्यायले, उभं राह्यन्यावरून समजते." पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की त्यातले बरेच जण खरोखरच रंगभूमीवरून आलेले. मी ते वाचून एकटीच हसले होते.

आई एकदाच तिथे आली, तेही घरचे तांदूळ पोचवायला. उभ्या उभ्या तिनं अर्धा सिनेमा पाहिला. "हे लोक भांडत बी नाई, रडत बी नाई. यायच्या घरी कोनी मरते का नाई?" असं म्हणून ती निघून गेली. तेव्हा ती तुमच्याशी कामापुरतंच बोलायची. मला वाटायचं सगळ्यांच्या आया अशाच असतात.

त्या कपाटानं मला मात्र कायमचं बिघडवलं. मी सावलीच्या शाळेत भूगोल शिकवते आणि इंग्लंडचं हवामान मी पुस्तकातून शिकवत नाही, सिनेमातून शिकवते. तिथला ढग मला आपल्या वैनगंगेवरच्या ढगापेक्षा जास्त ओळखीचा आहे. शिक्षक खोलीत माझी थट्टा चालते. म्हणतात, बाई, तुमच्या सिनेमात काही घडतच नाही. मी म्हणते, तुम्ही चेहऱ्याकडे पाहतच नाही, दाराकडे पाहता, कोणी बंदूक घेऊन आत येतो का म्हणून. अमेरिकेतल्या माणसाला राग आला की तो गाडी पळवतो. माझ्या इंग्रज माणसाला राग आला की तो विचारतो, अजून थोडा चहा? आणि समोरचा हातातला कप खाली ठेवतो. यावर मी तासभर बोलू शकते आणि बोलतेही. आत्याबाई गेल्या तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. कारण विचारलं तर डोकं दुखतं म्हणाले.

आता त्या मंडईबद्दल लिहिते. तुमच्या हयातीत आपण त्यावर कधी बोललो नाही.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, पाहुणे येतात आणि रात्रभर नाटक होतं. तालमीला वेळ कोणाला असतो? विंगेत प्रॉम्प्टर बसतो, तो पुस्तकातलं वाक्य पुरवतो आणि नट ते उचलून पार शेवटच्या घोंगडीपर्यंत फेकतो. तुम्ही फेकायचात त्याला तोड नव्हती. तुमचं मालगुजाराचं ते हसणं ऐकायला लोक बैलबंड्या जोडून यायचे. त्या वर्षी पोंभुर्ण्याकडे, आईच्या माहेरी, तुमच्या कंपनीचं नाटक होतं. शेवटच्या अंकात मालगुजाराचा मुलगा मालगुजाराच्याच माणसांच्या हातून मारला जातो आणि नोकर येऊन ते सांगतो. मग तुमचं लांबलचक भाषण, छाती पिटणं आणि पडदा. लोकांना ते पाठ होतं, तरी हवं असायचं.

तांबडं फुटलं आहे. मंडपाच्या कापडातून उजेड येऊ लागला आहे. मी आणि आई बायकांच्या बाजूला, पुढेच बसलो आहोत. नोकर धावत येतो, सांगतो, तुमच्या पायाशी कोसळतो. तुम्ही काहीच बोलत नाही. हातातली काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेता. खांद्यावरची शाल नीट करता. निरोप नीट पोचवलास, अशी नोकराकडे पाहून मान हलवता. आणि नुसते उभे राहता. मी हे ओळखते. हे मास्तर आहेत. गेस्ट हाउसातले मास्तर पोंभुर्ण्याच्या मंडईत उभे आहेत.

प्रॉम्प्टरला वाटलं तुम्ही विसरलात. आधी त्यानं दबक्या आवाजात "देवा" दिलं. मग जरा मोठ्यानं, "देवा, हे काय केलंस". मग इतक्या मोठ्यानं दिलं की वर टांगलेल्या माइकनं ते उचललं आणि सगळ्या मंडपाला ऐकू आलं. तरी तुम्ही गप्प. मग आपले लोक मदतीला आले. आपले लोक नटाला अडचणीत टाकून मजा पाहणारे नाहीत. पुढच्या रांगेतून एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "मालगुजार भाऊ, देवा म्हना, देवा." मागून आवाज आला, "देवा, हे काय केलंस." हळूहळू अर्धा मंडप तुम्हाला तुमचं वाक्य सांगू लागला. ऑर्गनवाल्यानंही सूर धरला. आणि तेवढ्यात माझ्या शेजारी आई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरत मागे वळून म्हणाली, "ओ, चूप बसा ना. रडून राह्यले ते."

मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. माहेरच्या गावात, साऱ्या भावकीसमोर, तुमची बायको नाटकात बोलली. कोणी हसलंही. पण मंडप गप्प झाला. बाहेर कोंबडे आरवत होते तेवढं ऐकू आलं. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाही. मग मान वर करून ते "देवा" उचललंत आणि असं फेकलंत, अशी छाती पिटलीत, की लोकांचा जीव भांड्यात पडला. टाळ्या पडल्या, कोणीतरी बक्षीसही पुकारलं.

बोरिंगवर तुम्ही तोंडाचा रंग धूत होतात तेव्हा कंपनीचे मालक आले. मी हातपंपाचा दांडा मारत होते. "भाऊ, आवाज बसला होता काय तुमचा?" "नाई जी." "मंग डायलॉग काऊन नाई सोडला?" तुम्ही चेहऱ्यावरचं पाणी निपटलंत. "बोलावंसं नाई वाटलं." मालक वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा पारा चढला. "तुमाले वाटाचं काय काम? लोकायले ऐकू आलं पाह्यजे." पुढच्या वर्षी मालगुजार दुसऱ्याला गेला आणि तुम्ही हवालदार झालात. मग शेवटपर्यंत हवालदारच. लग्नाकार्यात लोक तुम्हाला चिडवायचे, भाऊ, डायलॉग आठवला का. तुम्ही हसायचात. मला त्या सगळ्या इंग्रजांचा भयंकर राग आला होता. त्यांनी माझ्या बापाचा पार्ट खाल्ला असं मला वाटायचं. कितीतरी दिवस मी कॅसेटच्या कपाटाकडे पाठ करून बसायची. तुम्ही मात्र फरशीवर बसून मास्तरांकडे पाहतच राहिलात.

मास्तर गेल्यावरच्या रविवारी दुपारी मी त्यांचा एक सिनेमा टीव्हीवर लावला. आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. हल्ली ती पाहते, नावं ठेवत ठेवत पाहते. एका ठिकाणी मास्तरांच्या दारात पोस्टमन येतो, तार देतो. मास्तर ती वाचतात, घडी घालतात, पोस्टमनला म्हणतात, आज फार गारठा आहे नाही, आणि दार लावतात. आईचे हात थांबले. ती म्हणाली, "तुहे बाबा असेच उभे होते."

"हो ना," मी म्हणाले, "मंडईत."

"मंडईतलं नाई म्हनत मी. त्याच्या आंधीचं. तुहा भाऊ गेला तवाचं."

मला कळायच्या आधी तापानं गेलेला एक भाऊ होता, एवढंच मला माहीत होतं. आपल्या घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. आई टीव्हीकडे पाहतच बोलत होती. "आंगनात उभे होते. खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. आलेल्या मानसायले पानी द्या म्हनले. डोऱ्यात टिपूस नाई. तुह्या मोठ्या काकानं सगळ्यायसमोर म्हनलं, नाटकात छाती पिटते आन पोराच्या मैतीले रडता येत नाई याले. गावानं तेच धरलं. मी बी तेच धरलं. कितीक वर्सं धड बोलली नाई मी त्यायच्यासंग."

"मग?"

"मंग काय. त्या मंडईत पाह्यलं ना. तसंच उभं राह्यनं, तशीच शाल नीट करनं. तवा समजलं मले, त्या दिवशी बी रडूनच राह्यले होते." आणि तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं.

बाबा, मी आजवर सगळ्यांना सांगत आले की माझे वडील स्वैपाकघरातून उठून एका मोठ्या इंग्रज नटाकडून अभिनय शिकले. भाषणातसुद्धा सांगितलंय. आता वाटतं, तुम्ही शिकायला बसलाच नव्हतात तिथे. तुमच्यासारखाच उभा राहणारा एक माणूस तुम्हाला सापडला होता आणि त्या सिनेमात त्याला कोणी दगड म्हणत नव्हतं. म्हणून तुम्ही रोज दुपारी त्याच्याकडे जात होतात. मालगुजाराचा पार्ट गेला त्याचं मी इतकी वर्षं वाईट वाटून घेतलं. तुम्हाला वाईट वाटलं होतं का, कोण जाणे. त्या मंडईनंतर आई तुमच्या ताटाशेजारी बसून जेवायला लागली होती, हे मला आता लिहिताना आठवलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं. आई मघाशी दारातून विचारून गेली, काय लिहून राह्यली एवढं. मी म्हणाले, पेपर तपासते आहे. तिला खरं सांगितलं असतं तर ती इथे येऊन बसली असती आणि म्हणाली असती, माह्याकडून बी एक ओळ लिही. मग तुम्ही तेवढीच वाचली असती.