वहीची मागची पानं

भवानी पेठ, सोलापूर
२६ जून १९७६

चि. सौ. प्रभास,

रुक्मिणीवहिनीचा आशीर्वाद. आम्ही सगळे धडधाकट आहोत, तशीच तू असावीस. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. तुझ्या दादांची गिरणीत पहिली पाळी आहे, चारला घरी येतात. आल्यावर चहा घेतात आणि ओट्यावर बसतात. पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही.

आईंच्या वर्षश्राद्धाला तू आली नाहीस. रामहरीरावांनी दुकानाची अडचण कळवली होती. शेजारच्या काशम्मा दोनदा विचारून गेल्या. मी सांगितलं, मुलांच्या शाळा असतात, वैरागहून लगेच निघणं होत नाही. तुझ्या सवतीची मुलं आता तुला आई म्हणतात का? मागे तू आली होतीस तेव्हा धाकटा तुझ्या पदराला धरूनच होता.

आपली सुमन पाचवीत गेली. यंदापासून तिला इंग्रजी आहे. घरभर ओरडत फिरते, धिस इज अ बॉल, दॅट इज अ ट्री. परवा रडत आली. 'आय हॅज अ बुक' लिहिलं म्हणून बाईंनी हातावर पट्टी मारली. तुझे दादा म्हणाले, "मला कुटं येतंय त्यातलं. तुज्या आईला तर न्हाईच न्हाई." मी भाकरी थापत होते. 'आय' असलं की 'हॅव', एवढं एकच तोंडातून काढायचं होतं. काढलं नाही. भाकरी मात्र तव्यावर करपली.

मला ते येतं हे या घरात तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तू तर इथं नाहीस.

असो. लिंबाचं लोणचं घातलंय, कुणी तिकडं येणारं भेटलं तर पाठवीन. पत्राचं उत्तर दे. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

तुझी वहिनी,
रुक्मिणी


भवानी पेठ, सोलापूर
२५ जुलै १९७६

प्रभा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पंचमीला तुझे दादा तुझी साडी घेऊन येतील, त्यांच्या हातून देते. त्यांनी ते वाचलंय. मीच त्यांच्यापुढं ठेवलं आणि वाचा म्हटलं.

गेल्या पंधरवड्यात ते अचानक तुझ्या दारात कसे येऊन उभे राहिले हे त्यांनी तुला धड सांगितलं नसणार. सुमनला दुसऱ्यांदा मार बसला त्या दिवशी मला राहवलं नाही. तिची वही ओढली आणि पानभर लिहून दिलं. आय हॅव, यू हॅव, ही हॅज, शी हॅज. ती तशीच ते पान नाचवत ओट्यावर गेली, "दादा, आईला इंग्रजी येतंय!"

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण कापडातला दोष हात फिरवून ओळखणारा माणूस आहे तो. माझ्या 'वाय' अक्षराची शेपटी मी उलटीकडं वळवते, तुला माहीत आहे, शिकवताना गुरुजी हसायचे त्याला. त्या पानावरच्या 'यू'मध्ये तोच वाय होता. ते उठले. ट्रंक उघडली. तळातून एक घडी केलेलं पान काढलं. प्रभा, तुझ्या वहीतलं ते पान त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, मला कल्पनासुद्धा नव्हती. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

"हे कुनी लिवलं?"

"मी."

"आन् हे?"

"ते पण मीच."

त्यांनी दोन्ही पानांवरच्या शेपट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग प्रभी का म्हनली माजं हाय म्हनून?"

मी सुमनला आत पाठवलं.

"मी तिला चपलेनं मारलं, रुक्मिणी," ते म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले. सकाळी पहिल्या गाडीनं वैरागला निघून आले.

आता जे तुला माहीत आहे तेच लिहिते, कारण माझ्या हातानं ते एकदा लिहिलं गेलं पाहिजे.

वेणीमाधव गुरुजी पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचे. संध्याकाळी तुला अकरावीचं इंग्रजी शिकवायचे. मी आत स्वयंपाक करायचे, आणि तुझ्याबरोबर मनात म्हणायचे, आय गो, यू गो. एकदा ते म्हणाले, "कर्ता तो किंवा ती असेल तर?" तू विसरलीस आणि मी आतून म्हणाले, "ही गोज." गुरुजी म्हणाले, "आतून कोण बोललं?" तू मला हाताला धरून बाहेर आणलंस. आई कीर्तनाला गेल्या होत्या म्हणून जमलं. तुझ्या वहीची मागची पानं तू मला दिलीस. "ही तुमची, वहिनी. कुनाला सांगायचं न्हाई."

गुरुजी एक क्रियापद द्यायचे आणि म्हणायचे, स्वतःचं वाक्य करा, पुस्तकातलं नको. मला आजवर कुणी स्वतःचं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी 'आस्क' दिलं होतं. मी लिहिलं, नोबडी आस्क्स मी. ही आस्क्स मी. मला कुणी विचारत नाही, तो विचारतो. मग हात थांबला नाही. आय अ‍ॅम हॅपी व्हेन ही कम्स. तो आला की मला आनंद होतो. आय थिंक ऑफ हिम ऑल डे. दिवसभर मी त्याचाच विचार करते. वाटलं, या घरात हे कोण वाचणार आहे? एस कुठं लावायचा, कुठं नाही, एवढं मी नीट बघितलं होतं. गुरुजींनी चारही वाक्यांवर लाल शाईनं खूण केली आणि खाली 'गुड' लिहिलं. त्यांनी डोळे वर केले नाहीत. त्याहून जास्त काही झालं नाही, प्रभा. देवाशपथ काही झालं नाही. पण वाक्यं खरी होती. सरावाची होती असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं.

तुझ्या दादांना ती वही सापडली. लाल 'गुड' बघून त्यांनी ती गिरणीतल्या कारकुनाला दाखवली आणि त्यानं चारचौघांत मराठीतून वाचून दाखवली. वहीवर नाव तुझं.

मी चुलीजवळ उभी होते. सुमन पाच वर्षांची, माझ्या पायाला बिलगलेली. तू एकदा माझ्याकडं पाहिलंस, मग सुमनकडं पाहिलंस, आणि म्हणालीस, "व्हय, मीच लिवलंय." मला वाटलं, आत्ता बोलते, आता बोलते. चप्पल उचलली तेव्हाही वाटलं. गुरुजींची ट्रंक रस्त्यावर फेकली, तेव्हा त्यांनीही माझं नाव घेतलं नाही. ते दाराकडं बघत होते आणि मी दार आतून लोटून घेतलं. महिन्याभरात तुझं लग्न ठरवलं. तुझ्याहून सोळा वर्षांनी मोठा, बायको वारलेला, दोन मुलांचा बाप. हळद मी लावली. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता. तुझा बैठक क्रमांक लग्नानंतर शाळेतून आला, तो आईंनी माझ्यासमोर चुलीत घातला.

तुझे दादा वैरागहून परतले. दोन दिवसांनी एकदम सगळं सांगितलं. ते तुला म्हणाले, "मला कळलं, प्रभे." तू म्हणालीस, "लई उशिरा कळलं, दादा." ते म्हणाले, "परीक्षेला बाहेरून बसता येतं, मी फॉर्म भरतो." तू म्हणालीस, "आता मला त्यातलं काय बी येत न्हाई. पार विसरले." आणि हसलीस.

माझं पहिलं पत्र रामहरीरावांनी फोडलं हेही कळलं. तुझ्या हातात पेन्सिल दिसली तरी ते विचारतात, कुनाला लिवतीस. "वहिनीला सांग, राग न्हाई, पन हितं पत्र धाडू नको," असं तू कळवलंस. धाडणार नाही. रामहरीरावांना मात्र एक पत्र लिहून सोबत दिलंय. त्यात सगळं माझ्या नावानिशी आहे, ते त्यांनी कुणालाही दाखवावं. काशम्मांना घरी जाऊन तोंडानं सांगितलं. त्यांनीच तेव्हा तुझी बदनामी पेठभर केली होती. दुसऱ्या दिवसापासून नळावर माझ्याशी कुणी बोलत नाही. तुझे दादाही बोलत नाहीत. ताट वाढते, जेवतात, उठतात. सुमनचा अभ्यास मात्र माझ्याकडूनच करून घ्यायला सांगितलाय.

यातलं काहीच तुझ्या उपयोगाचं नाही, मला कळतं. तुझी ती परीक्षा होऊन गेली. तू सतरा वर्षांची होतीस, मी पंचवीस. मी मोठी होते.

क्षमा मागावी म्हणून तीनदा कागद घेतला. पण तू ती लगेच देऊन टाकशील, तेव्हासारखीच, मागचापुढचा विचार न करता. म्हणून मागत नाही.

वहिनी म्हणून सही करवत नाही.

रुक्मिणी