शंभरातले तीन कण

ता. ४ मार्च

चि. ठमीस आईचे अनेक आशीर्वाद.

मनगटाचं प्लास्टर निघालं, वाचून जीव भांड्यात पडला. सुटीत माझ्याकडून उतरवून घेतलेले तक्ते तुझ्या संशोधनाच्या सरांना आवडले का, असं बाबा रोज विचारतात. एक सांगायचं राहिलं. तुझ्या वहीत दर ओळीला संगणकातल्या अरुंद नळ्यांच्या जाळ्यात शंभर कण सोडलेले, आणि बाहेर आलेले कुठे सत्त्याण्णव, कुठे चौऱ्याण्णव. म्हटलं, डाव्या हाताने लिहिताना पोर चुकली. शंभर आत गेले तर शंभरच बाहेर यायला हवेत! सगळीकडे शंभर करून टाकले. मॅट्रिकची का असेना, तुझी आई बेरजेत हार जात नाही.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

आई

ता. ११ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र हाती पडायच्या आदल्याच दिवशी बैठक झाली. सरांनी तक्ता वर धरून विचारलं, की बाई, यात अभिक्रिया झालीच कुठे? अगं, अरुंद नळीत दोन जातींचे कण समोरासमोर आले की बाजूने निसटायला जागा नसते. ते चिकटून एक होतात. तीन कमी म्हणजे तीन जोड्या जुळल्या. माझं सगळं काम त्या तिनांतच आहे.

सगळे हसले. मी तक्ते न वाचताच दिले होते. तरी मीच म्हणाले, की उतरवणाऱ्या कारकुनाने घोळ घातला. आईने उतरवले म्हणायची लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते. महिनाअखेर खरे तक्ते दिले नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाईल. कच्ची वही घरीच राहिली आहे, तेवढी पाठव.

रागावलीस तरी माया असू दे.

तुझी ठमी

ता. १५ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र बाबांनी मोठ्याने वाचलं. 'कारकून' आला तिथे नुसते खोकले. तुझी तीन वर्षांची मेहनत मी सुवाच्य अक्षरात पुसली. दोन दिवस देवापुढे दिवा लावते, पण वर बघवत नाही.

वही पाठवते आहे. सोबत सगळे तक्ते पुन्हा उतरवले आहेत. एकही आकडा सुधारलेला नाही. एका ठिकाणी तू नऊ उलटा काढला आहेस, तोसुद्धा उलटाच ठेवलाय. या वेळी वाचून मग दे.

खाली 'तक्ते उतरवणारे' असं लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे. तिथे काय लिहायचं ते तू ठरव.

लोभ आहे तेवढाच आहे, एकानेही कमी नाही.

आई