त्या बायकांचं पुढं काय झालं

डोंबिवली (पूर्व)
रविवार, १२ जुलै १९९८

श्री. धाकूदादा यांस,

गुणाजीचा नमस्कार. माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट बाजूला ठेवू नये, म्हणून वरचा पत्ता तुमच्या बहिणीकडून, शकूकडून लिहून घेतला आहे. अक्षर जरा हललं आहे, पण तुम्ही ओळखाल.

तुमच्याकडे सगळे बरे असतील. बाळकुमला आता खाडीपर्यंत इमारती आल्या असं ऐकतो. मी अजून ठाण्याच्या त्याच हॉस्पिटलच्या ग्रंथालयात आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे इंटरनेट आलं. टेलिफोनच्या तारेवरून अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयाची सूची आमच्या टेबलावर उघडते. कोणत्या आजारावर जगात कुठे काय लिहिलं गेलं, ते नावागावासकट मिळतं. हे मला कोणी शिकवलं नाही. मॅट्रिक रात्रशाळेतून झालो, इंग्रजी शब्दकोश उघडून शिकलो, तसंच हेही. दर महिन्याला 'ग्रंथालय वार्ता' म्हणून पत्रक काढतो. नवी पुस्तकं, नवी मासिकं, कॉम्प्युटरवर नवीन काय मिळतं, सगळं त्यात असतं. त्यात चुकीचा स्वल्पविरामसुद्धा सापडणार नाही.

हे सगळं तुम्हाला कशाला सांगत बसलोय? पुढचं लिहायला हात वळत नाही, म्हणून.

शकूला दिवाळीपासून बरं नाही. अंडाशयाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, सलाईनमधून द्यायची औषधं झाली. आता पोटात पाणी साठतं, ते काढावं लागतं. होळीच्या सुमारास डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. मी म्हणालो, "बाई, सगळंच काही तुम्ही वाचलेलं नसेल." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शोधा. सापडलं तर आधी मला सांगा."

मी शोधलं. काम संपलं की रोज बसायचो. घरी येऊन शकूला मराठीत सांगायचो, अमुक शहरात बायकांना नवं औषध दिलं, बऱ्याच जणींची गाठ लहान झाली. ती डोळे मिटून ऐकायची. शेजारच्या रंगूबाई दारातून म्हणायच्या, "लागल्या वाटतं गुणाजीरावांच्या बातम्या!"

मागच्या आठवड्यात शकूने मध्येच विचारलं, "त्या बायकांचा पुढं काय झाला?"

"कुठल्या?"

"त्याच. गाठ बारीक झालेल्या."

"ते लिहिलेलं नाही."

"असा कसा? जाल्यात किती मावरा गावला त लिवतान, न बायका घरा गेल्या का नाय त नाय लिवत?"

लिहिलेलं होतं, दादा. प्रत्येक लेखाच्या शेवटी होतं. मी दर वेळी तेवढं गाळत होतो. स्वल्पविराम न सोडणारा माणूस मी. डॉक्टरबाईंकडे घेऊन जावं असं मला काहीही सापडलेलं नाही.

तिचं बोलणं मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे. लग्नानंतर ती माझ्यासारखं बोलायला लागली, इतकं की सोसायटीत कोणाला ती बाळकुमची वाटायची नाही. मला ते आवडायचं. आता अंगातली ताकद गेली तशी ती पुन्हा तुमचं बोलते. मला कधीकधी दोनदा विचारावं लागतं.

त्याच दिवशी म्हणाली, "आता नका शोधू. मना बालकुमला जावाचा हाय."

मी म्हटलं, उद्याच टॅक्सी सांगतो. तर हसली. "मी काय पाहुनी हाय? दादा न्यायाला आला त जाईन."

आमचं लग्न नोंदणी कचेरीत झालं. त्यानंतरच्या पहिल्या सणाला तिला न्यायला तुमच्याकडून मुराळी आला नाही. तुमच्या आईने विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सही करून गेली, आता सही करूनच येव दे." ते काडीमोडाचं बोलणं इथवर पोचलं. मग मीही म्हणालो, यांच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आपण दोघांनीही शब्द पाळले. पहिली दोन-तीन वर्षं सण आला की ती पिशवी भरून ठेवायची. मला दिसायचं. मी कामावर निघून जायचो.

तुम्ही या. मी विनंती करतो.

नारळी पुनवेपर्यंत थांबू नका. काय ते याच आठवड्यात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. शीळफाट्यापासून इकडे रस्ता फार खराब आहे आणि तिला धक्के सोसत नाहीत, म्हणून मोठी गाडी आणा, मागच्या सीटवर गादी घाला. सपाट निजवू नका, दम लागतो. पाठीशी दोन उशा हव्यात. पाणी घोटघोट द्या, एकदम दिलं तर उलटी होते. गोळ्यांचं वहिनींना मी नीट समजावून देईन. मासे बघून ती मागेल. जाणार नाहीत, पण कालवण समोर ठेवा, वासाने तिला बरं वाटतं.

मी बरोबर यावं की नाही, ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तरी तिला उचलून गाडीत मीच बसवीन. कसं धरलं की दुखत नाही, ते मला माहीत आहे.

सुनेला परत आणून सोडायचा दिवस मुराळ्याला सांगायची सासरकडे रीत असते. मी दिवस सांगणार नाही.

तुमचा मेहुणा,
गुणाजी